आपल्या कार्यक्रमामुळे मुलं कॉलेजला गेली, हे तपासायचं कसं?

[कॅमेऱ्याकडे बघून]

नमस्कार मंडळी. बडोद्यात दर वर्षी अकरावी-बारावीच्या मुलांसाठी मार्गदर्शन शिबिरं होतात, कॉलेजभेटी होतात, फॉर्म भरून द्यायला टेबलं लागतात. कधी दांडिया बाजारातलं एखादं मंडळ हे काम करतं, कधी कॉलेजचा एनएसएस गट, तर कधी एखाद्या कारखान्याचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामांचा विभाग. वर्षअखेरीचा अहवाल साधारण ठरलेला असतो: इतक्या शाळा, इतके विद्यार्थी, आणि बहुतेक सगळ्यांना कार्यक्रम ‘खूप आवडला’.

पण खरा प्रश्न वेगळाच आहे. कार्यक्रम झालाच नसता, तर यातली किती मुलं कॉलेजला गेली नसती? तो आकडा म्हणजे आपलं काम. बाकीची मुलं आपल्याशिवायही गेलीच असती.

यशोगाथांनी हे उत्तर मिळत नाही. बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर 1913 साली बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. त्या एका शिष्यवृत्तीचं मोल टक्केवारीत मांडण्याची गरजच नाही. पण आपण 200 मुलांवर पैसा आणि श्रम खर्च करतो, तेव्हा स्टेजवर बोलावलेल्या एका मुलीवरून उरलेल्या 199 जणांचं काय झालं ते कळत नाही.

[स्क्रीनवर: मुलं निवडली कोणी?]

पहिली चूक कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच झालेली असते. आपण शाळेत जाऊन म्हणतो, “सर, चाळीस मुलं द्या.” सर कोणती देणार? नियमित येणारी, बरे मार्क असलेली, ज्यांचे आईवडील पालकसभेला येतात अशी. पुढे या चाळिसातली 80 टक्के कॉलेजला गेली, वर्गातल्या उरलेल्यांपैकी 45 टक्के गेली, की आपण म्हणतो 35 टक्क्यांचा फरक आपण पाडला. तसं नाही. त्यातला बराचसा फरक सरांनी यादी केली तेव्हाच पडलेला होता. उलट एखाद्या शाळेने सगळ्यात मागे पडलेली मुलं दिली, तर चांगला कार्यक्रमही फुकट गेल्यासारखा दिसतो.

म्हणून निवडीच्या आधीच पूर्ण वर्गाची माहिती घ्या. दहावीचे मार्क, आईवडिलांचं शिक्षण, घरापासून सर्वांत जवळच्या कॉलेजचं अंतर, मुलगा की मुलगी, प्रवर्ग. एवढं पुरे. चाळीस प्रश्नांचा फॉर्म दिलात, तर शेवटची दोन पानं कोरीच येतील.

तुलनेचा सर्वांत स्वच्छ मार्ग म्हणजे सोडत. जागा 60 आणि अर्ज 120 असतील, तर पालकांसमोर चिठ्ठ्या काढा. नंबर लागलेले 60 आणि न लागलेले 60, दोघांचाही पुढे सारखाच पाठपुरावा करा. इथे हमखास आक्षेप येतो, की नंबर न लागलेल्या मुलांवर हा अन्याय नाही का? आक्षेप रास्त आहे. बारावी आयुष्यात एकदाच येते, ‘पुढच्या वर्षी तुमचा नंबर’ असं सांगता येत नाही. म्हणून फॉर्म भरून देण्याची मदत सगळ्या 120 जणांना द्या. सोडत फक्त अपुऱ्या गोष्टीची काढा, म्हणजे दर आठवड्याला भेटणारा मार्गदर्शक. मग उत्तर ‘मार्गदर्शकाने किती भर पडली’ याचं मिळेल, आणि अहवालात तसंच लिहायचं.

[स्क्रीनवर: 60 + 60 पुरेसे आहेत का?]

इथे जरा थांबू, कारण बहुतेक अहवाल इथेच घसरतात. दोन्ही गटांत साठ-साठ मुलं असतील आणि साधारण निम्मी कॉलेजला जाणार असतील, तर खरा फरक 25 टक्के बिंदूंच्या आसपास असल्याशिवाय तो भरवशाने दिसत नाही. त्याहून लहान फरक हा नशिबाचाही असू शकतो. 40 टक्क्यांवरून 50 वर, म्हणजे 10 बिंदूंची वाढ पकडायची, तर प्रत्येक गटात साधारण 385 मुलं लागतात. आणि मुलांऐवजी अख्ख्या शाळांची सोडत काढली तर आणखी जास्त, कारण एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात.

मग लहान मंडळाने काय करायचं? दर वर्षी तीच पद्धत, तेच प्रश्न, तीच सोडत ठेवायची आणि चार वर्षांचे आकडे एकत्र करायचे. साठाचे 240 होतात, आणि पकडता येणारा फरक 13 बिंदूंपर्यंत खाली येतो. दर वर्षी फॉर्म ‘सुधारण्याचा’ मोह मात्र टाळा. प्रश्न बदलला की मागच्या वर्षाचे आकडे जोडता येत नाहीत.

[स्क्रीनवर: फोन न उचलणारी मुलं]

आता पाठपुरावा. समजा 200 मुलांना फोन केले. 110 जणांनी उचलला आणि त्यातले 88 कॉलेजात आहेत. अहवालात छापलं जातं: 80 टक्के. पण न लागलेल्या 90 जणांचं काय? ते सगळे कॉलेजबाहेर असतील, तर खरा आकडा 44 टक्के. सगळे कॉलेजात असतील, तर 89. म्हणजे हातात आलेलं उत्तर ‘44 ते 89 यांमध्ये कुठेतरी’ एवढंच आहे. आणि ज्याने शिक्षण सोडलं तो अनोळखी नंबर सहसा टाळतो, त्यामुळे आकडा फुगण्याचीच शक्यता जास्त.

यावर उपाय अकरावीतच करायचा. प्रत्येकाचे दोन नंबर घ्या: एक घरचा, दुसरा मामा, मावशी किंवा शेजाऱ्यांचा, कारण सिम बदलतात. फोन संध्याकाळी सात नंतर करा, पालक कामावरून आलेले असतात. सोडतीत नंबर न लागलेल्यांनाही तितक्याच वेळा फोन करा. ही माहिती ठेवायला पालकांची लेखी संमती घ्या. 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती अपेक्षित आहे.

[स्क्रीनवर: मुलं नेमकी कुठे गळतात?]

‘कॉलेजला गेला की नाही’ एवढंच विचारू नका. गुजरातमध्ये 2024 पासून सरकारी विद्यापीठांचे पदवी प्रवेश जीकॅस या सामाईक प्रवेश पोर्टलवरून होतात, बडोद्याच्या एम. एस. युनिव्हर्सिटीचेही. म्हणजे नोंदणी, पर्याय भरणं, ऑफर येणं, कागदपत्रं तपासून फी भरणं. त्यापुढे दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गात बसलेला असणं आणि दुसऱ्या वर्षात पोचणं. प्रत्येक पायरीसाठी वहीत एक रकाना, आणि रकान्यात टिकमार्क नाही, तारीख लिहायची. तारखांवरून दिसतं, की मुलगी ऑफर आल्यावर अडकली. का? उत्पन्नाचा दाखला मामलतदार कचेरीतून वेळेत आला नाही, शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळलं नाही, किंवा शिष्यवृत्तीसाठी लागणारं बँक खातं आधारशी जोडलेलंच नाही. अशा मुलीला ‘मोठी स्वप्नं बघा’ हे भाषण चौथ्यांदा ऐकवून काही होत नाही. डभोई-वाघोडियाकडच्या मुलीही स्वप्नं बघतातच. त्यांचं गाडं कागदापाशी अडतं.

याला चांगला पुरावा आहे. अमेरिकेत 2008 साली ओहायो आणि नॉर्थ कॅरोलिनात एच अँड आर ब्लॉक या कर भरून देणाऱ्या कंपनीच्या कार्यालयांत सोडतीने गट पाडून प्रयोग झाला. काही कुटुंबांना शिष्यवृत्तीचा सरकारी फॉर्म तिथेच भरून दिला, काहींना नुसती माहिती दिली. फॉर्म भरून मिळालेल्या बारावीच्या मुलांत, पुढच्या तीन वर्षांत कॉलेजची दोन वर्षं पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण 28 वरून 36 टक्क्यांवर गेलं. नुसत्या माहितीने काहीच वाढ झाली नाही. प्रत्येक मार्गदर्शन शिबिराच्या आयोजकाने हे एकदा नीट मनावर घ्यावं असं मला कळकळीने वाटतं.

सोडत अजिबात शक्य नसेल, तर बिहारच्या सायकल योजनेची तपासणी कशी झाली ते बघा. 2006 पासून नववीच्या मुलींना सायकली मिळाल्या. अभ्यासकांनी शाळेत जाणाऱ्या मुलींच्या संख्येतली वाढ तिथल्याच मुलग्यांच्या वाढीशी ताडली आणि तो फरक परत शेजारच्या झारखंडशी ताडला, कारण शाळेत जाणाऱ्या मुली सगळीकडेच वाढत होत्या. आपल्यालाही पादरा गावातल्या शाळेतून कॉलेजला जाणाऱ्यांची दोन-तीन वर्षांची वाढ करजण गावातल्या तशाच शाळेशी लावून बघता येते. अट एकच: कार्यक्रमाआधीची निदान दोन वर्षं दोन्ही शाळा सारख्या वेगाने चाललेल्या असाव्यात.

शेवटी खर्च. 3 लाख रुपये आणि 200 मुलं, म्हणजे डोई 1,500. ऐकायला स्वस्त वाटतं. पण तुलनेतून कळलं, की जास्तीची अशी 12 च मुलं कॉलेजात गेली, तर एका जास्तीच्या प्रवेशाला 25,000 रुपये पडले. देणगीदारांना हाच आकडा सांगा, आणि शेजारी छापा की ती 12 मुलं दुसऱ्या वर्षात आहेत का.