इंजिन बंद, दाब कायम

गोव्यातील डिचोली, सांगे आणि धारबांदोडा तालुक्यांतील लोहखनिजाच्या पट्ट्यात पावसाळ्यात उत्खनन थंडावते आणि पोकलेन, डोझर, लोडर दुरुस्तीला घेतले जातात. मोठ्या पोकलेनच्या हायड्रॉलिक यंत्रणेत ऑइलचा दाब ३५० बारच्या आसपास जातो. मोटारीच्या चाकातील हवेच्या दाबाच्या तो सुमारे दीडशे पट आहे. इंजिन थांबले म्हणजे हा दाबही गेला, असे धरून होज पाइपाला पाना लावणे अत्यंत धोक्याचे आहे.

बूम, म्हणजे पोकलेनचा मुख्य हात, वर असेल तर तिचे सारे वजन सिलिंडरमधल्या ऑइलवर तोललेले असते, आणि पायलट सर्किटमधील, म्हणजे जॉयस्टिकचे इशारे पोहोचवणाऱ्या कमी दाबाच्या ऑइल-मार्गातील, नायट्रोजन भरलेला ॲक्युम्युलेटर (दाब साठवणारे भांडे) इंजिन बंद झाल्यावरही दाब धरून ठेवतो. म्हणून यंत्र सपाट जागी उभे करून बूम आणि बकेट जमिनीला टेकवावी, इंजिन बंद करावे, मग चावी 'ऑन' आणि सेफ्टी लिव्हर (जॉयस्टिक अडकवून ठेवणारा दांडा) उघडा ठेवून दोन्ही जॉयस्टिक सर्व दिशांना अनेकदा फिरवावेत. त्यानंतर हायड्रॉलिक ऑइलच्या टाकीतला दाब ब्रीदरमधून (टाकीवरच्या हवेच्या झडपेतून) सोडावा आणि चावी काढून काम करणाऱ्याने स्वतःच्या खिशात ठेवावी. पाऊस कोसळत असताना एवढा वेळ देणे जिवावर येते हे खरे, पण त्याला पर्याय नाही.

लाल धुळीने माखलेल्या होजवर ओला काळा डाग दिसला की हात आपोआप तिकडे जातो. तो आवरला पाहिजे. बारीक छिद्रातून सुटणारी धार अनेकदा डोळ्यांना दिसत नाही, कातडी भेदायला सुमारे ७ बारचा दाबही पुरतो आणि साधे हातमोजे तिला अडवत नाहीत. गळती शोधताना डोळ्यांवर गॉगल हवा, पुठ्ठ्याचा मोठा तुकडा अंतर राखून धरावा आणि त्यावर ऑइल उमटते का ते पाहावे. दाब असताना गळणारी जोडणी आवळू नये.

ऑइल कातडीत शिरल्याची जखम फार फसवी असते. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण, सुरुवातीला दुखणेही थोडेच. आत मात्र ऑइल पसरत जाऊन पेशी मारते आणि रक्तपुरवठा रोखते. शस्त्रक्रियेला काही तासांचा उशीर झाला तर बोट, प्रसंगी हात गमवावा लागतो. त्यामुळे पट्टी बांधून शिफ्ट पूर्ण करू न देता माणसाला थेट बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात न्यावे, वाटेत खायला-प्यायला देऊ नये, आणि उच्च दाबाचे ऑइल आत गेल्याचे डॉक्टरांना पोहोचताच सांगून ऑइलचे नाव, यंत्रणेचा दाब व घटनेची वेळ लिहून द्यावी.