ब्रँडचा धडा काउंटरवर सुरू होतो

(ठाण्यात नौपाड्यातल्या छोट्या व्यावसायिकांच्या सभेत दिलेलं व्याख्यान. शब्दांकन करताना थोडं संपादन केलं आहे.)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर माझा विषय छापला आहे, ‘साचा वापरून ब्रँडचे ऑनलाइन प्रशिक्षणधडे’. साचा मी देणारच आहे. पण तो आत्ताच हातात दिला तर तुम्ही रात्री घरी जाऊन त्यात लोगो टाकाल, रंग भराल, आणि धडा तयार झाला म्हणून झोपाल. म्हणून आधी माझं म्हणणं ऐका, साचा मग.

समोर गोखले रोड आणि राम मारुती रोडवरची कपड्यांची, सोन्याची, फरसाणाची दुकानं चालवणारी मंडळी बसली आहेत. वागळे इस्टेटमध्ये माल बनवून डीलरना देणारेही आहेत. आयोजक सांगत होते की बऱ्याच जणांची दुसरी-तिसरी शाखा डोंबिवली, वाशी, खारघरकडे निघते आहे. अभिनंदन! प्रशिक्षणाची गरज नेमकी तिथे सुरू होते. एकच दुकान असतं तेव्हा गल्ल्यावर तुम्ही स्वतः असता. गिऱ्हाईक चिडलं की तुम्ही काय बोलता, कुठली वस्तू कुरकुर न करता परत घेता, कुणाला ‘पैसे उद्या द्या’ म्हणता, हे सगळं पोरं बघून बघून शिकतात. वाशीला तुम्ही नसता. तिथल्या मुलीला तुमची ही रीत कळणार कुठून? माझ्या लेखी ब्रँड म्हणजे ही रीत. दुकान लांब गेलं तरी ती सोबत जावी म्हणून धडा हवा.

आता जरा हात वर करा. ऑनलाइन धडा न वाचता ‘पुढे, पुढे’ दाबत किती जणांनी संपवला आहे? मागच्या रांगेनेही करा, तुमचे मालक पुढे बसलेत, त्यांना दिसत नाही. (हशा) बघा, जवळजवळ सगळे हात वर आहेत. हा दोष तुमचा नाही. ज्या धड्यात आपल्या कामाचं काही नाही, तो माणूस असाच संपवतो.

एक प्रसंग सांगते. थोडा लांब आहे, पण मला सांगायचाच आहे. घोडबंदर रोडवरच्या एका मॉलमध्ये कपड्यांचं दुकान, एका मोठ्या साखळीचं. नाव नको. मी तिथे प्रशिक्षण कसं चालतं ते बघायला गेले होते. एक मुलगी नुकतीच कामाला लागली होती, पहिलाच दिवस. तिला मागच्या स्टॉक रूममध्ये खोक्यांवर बसवून हातात टॅब दिला. धडा सुरू झाला. आधी संस्थापकांचं मनोगत. मग कंपनीचा इतिहास. मग लोगो. लोगोभोवती किती जागा मोकळी सोडायची, लोगो ताणायचा नाही, तिरका करायचा नाही, कुठल्या रंगाचा सांकेतिक क्रमांक काय. शेवटी प्रश्नमंजूषा: कंपनीची स्थापना कधी झाली? ब्रँडचा मुख्य रंग कोणता? मुलगी हुशार, सगळी उत्तरं बरोबर आली. पडद्यावर प्रमाणपत्र झळकलं आणि ती काउंटरवर आली.

थोड्या वेळाने एक काकू आल्या. हातात कुर्ता, पहिल्याच धुण्यात रंग गेलेला. सोबत धुतलेल्या पांढऱ्या परकरालाही त्याचा रंग लागलेला. बिल नाही. काकूंचा आवाज चढलेला, मागे रांग. मुलगी म्हणाली, ‘मॅनेजर सरांना विचारते.’ सर जेवायला गेलेले. तिला काहीच ठाऊक नव्हतं. बिल नसेल तर मोबाइल नंबरवरून ते शोधता येतं का? रंग गेला तर वस्तू बदलून देतात की नाही? स्वतःच्या अधिकारात ती काय करू शकते? पहिला प्रश्न तर त्यांच्या बिलिंगच्या संगणकावर अर्ध्या मिनिटात सुटला असता, नंबर टाकला की जुनं बिल येत होतं. धड्यात यातलं एक अक्षर नव्हतं. तिने काय केलं ऐका. स्वतःचं स्टूल काकूंना बसायला दिलं, पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाली, ‘काकू, माझ्या आईचीही साडी अशीच गेली होती. तुम्ही बसा, सर आले की पहिलं काम तुमचं.’ काकू बसल्या. आवाज खाली आला.

त्या दिवशी त्या कंपनीची लाज राखली ती या मुलीने, आणि ते तिला कंपनीने शिकवलं नव्हतं. तिच्या घरच्यांनी शिकवलं होतं. मला राग येतो तो याचा. घरून चांगली वळणाची आलेली पोरं आपण खोक्यांवर बसवतो आणि त्यांच्याकडून रंगांचे क्रमांक पाठ करून घेतो.

असं का होतं, त्याचं कारण साधं आहे. प्रत्येक मोठ्या कंपनीकडे ब्रँडची एक नियमपुस्तिका असते. ती जाहिरात करणाऱ्यासाठी, छपाईवाल्यासाठी, पाटी रंगवणाऱ्यासाठी लिहिलेली असते. त्यांना लोगोभोवतीच्या मोकळ्या जागेशी काम असतं. प्रशिक्षणाची वेळ आली की तीच पुस्तिका कुणीतरी साच्याच्या चौकटींत ओततो. साच्यात आधीच रकाने असतात: आमची कहाणी, आमची मूल्यं, आमचा लोगो. रकाने भरले की काम झाल्यासारखं वाटतं.

लोगोचे नियम निरर्थक आहेत असं मात्र कुणी समजू नका. आपल्याकडे तर पाटीचा कायदाच आहे. २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना अधिनियमात दुरुस्ती झाली. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. तेव्हा देवनागरीतलं तुमचं नाव कसं दिसावं हे जरूर ठरवा. ट्रेडमार्कची नोंदणी झाल्याशिवाय नावापुढे गोलातला आर लावायचा नाही, हेही लिहून ठेवा. पण ते पाटीवाल्याला आणि खोकी छापणाऱ्याला द्या. काउंटरवरच्या मुलीचा तो पहिला धडा होऊ शकत नाही.

अक्षरांचा विषय निघालाच आहे तर बोलून घेते. नेटवर मिळणारे बहुतेक साचे इंग्रजी अक्षरं गृहीत धरून बनवलेले असतात. दोन ओळींमधलं अंतर कमी. त्यात मराठी टाकलं की वरची वेलांटी कापली जाते, रफार दिसेनासा होतो, खालचा उकार पुढच्या ओळीवर चढतो. ‘पूर्ण’ आणि ‘वर्ष’ वाचताना माणूस अडखळतो आणि आपल्यालाच वाचता येत नाही असं त्याला वाटतं. ओळींमधलं अंतर वाढवा. फाँट युनिकोडच घ्या, म्हणजे कुठल्याही मोबाइलवर मराठी नीट दिसणारे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेने केलेले ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फाँट फुकट आहेत, नोटो सान्स देवनागरीही फुकट आहे. जुन्या पद्धतीच्या फाँटमधला मजकूर तसाच चिकटवलात तर दुसऱ्याच्या मोबाइलवर भलतीच चिन्हं उमटतील. आणि पांढऱ्यावर पिवळी अक्षरं नकोत, ब्रँडचा रंग पिवळा असला तरी. साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान साडेचारास एक इतका उजळपणाचा फरक (कॉन्ट्रास्ट) हवा, असं वेबच्या सुगम्यतेचे, म्हणजे सगळ्यांना वाचता यावं यासाठीचे, निकष सांगतात. तुमच्या स्टॉक रूममधला दिवा लक्षात घेतलात तर त्याहून जास्तच ठेवा.

हो, चिठ्ठी मिळाली. दहा मिनिटं. बरं.

मग पहिला धडा कोणता? गिऱ्हाइकाच्या तोंडचं वाक्य. फरसाणाच्या दुकानात काय विचारतात? ‘ही चकली भाजणीची का?’ ‘यात कांदा-लसूण आहे?’ ‘उपवासाला चालेल?’ ‘मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, हे देऊ का?’ शेवटच्या प्रश्नाला ‘हो चालेल’ असं उगाच उत्तर देणारा मुलगा तुमचं दुकान बुडवू शकतो आणि त्या लेकराचा जीव धोक्यात घालू शकतो. त्याला पाकिटावरची घटकांची यादी कुठे असते, ती कशी वाचायची, आणि सुट्ट्या मालाबद्दल खात्री नसेल तर ‘खात्री नाही, देऊ नका’ असं स्पष्ट कसं म्हणायचं, हे शिकवा. विक्री बुडाली तरी चालेल, हे त्याला मालकाच्या तोंडून ऐकू द्या. सोन्याच्या दुकानात बाई विचारते, ‘हे हॉलमार्क खरं कशावरून?’ दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, असतो, १ एप्रिल २०२३ पासून तो असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. ‘खरंच आहे हो ताई’ एवढ्यावर थांबू नका. ‘तुमच्याच फोनवर भारतीय मानक ब्युरोचं बीआयएस केअर अ‍ॅप उघडा, हा क्रमांक टाका आणि बघा,’ असं म्हणायला मुलीला शिकवा. गिऱ्हाइकाच्या हातात तपासणी देणारं दुकान लोक लक्षात ठेवतात.

नाटकवाली मंडळी इथे असतील, गडकरी रंगायतन जवळच आहे. एखादा नट आजारी पडला की बदली नट उभा राहतो. त्याला आपण नेपथ्याचे रंग पाठ करायला लावत नाही. समोरचा काय बोलतो आणि त्यावर आपलं वाक्य काय, हे आधी देतो. शाखेतली नवी मुलगी तुमची बदली नट आहे.

आता साचा. घाईने सांगते, फाइल आयोजकांकडे आहेच.

एका प्रसंगाचा एक धडा, मोबाइलवर उभा दिसणारा, चार-पाच मिनिटांत संपणारा. पहिल्या पडद्यावर गिऱ्हाइकाचं वाक्य, त्याच्याच भाषेत, जमलं तर दुकानातल्याच कुणाच्या आवाजात. पडद्यावर लिहिलेलं तेच शब्दन् शब्द वाचून दाखवू नका. रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांत चित्र, आवाज आणि तोच मजकूर एकदम समोर आला की शिकणं कमी झालं.

दुसऱ्या पडद्यावर माहिती द्यायची नाही. ‘तू काय म्हणशील?’ असं विचारून थांबायचं. मुलीला लिहू द्या किंवा बोलून रेकॉर्ड करू द्या. हा पडदा बरेच जण गाळतात आणि माझ्या मते सगळा धडा त्यातच आहे. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग बघा. विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. दुकानाला आठवड्यानंतरचंच हवं असतं.

तिसऱ्या पडद्यावर आपल्या दुकानाचं उत्तर आणि त्यामागचं कारण, एका वाक्यात. फोटो आपल्याच काउंटरचा, नेटवरच्या हसऱ्या परदेशी माणसांचा नको. चौथा पडदा हद्दीचा: इतक्या रुपयांपर्यंत तू स्वतः ठरव, त्यापुढे या व्यक्तीला फोन कर, तिने उचलला नाही तर त्या व्यक्तीला. ती काकू आठवा, तिथे नेमकं हेच नव्हतं. पाचव्यावर धडा कधी लिहिला आणि चुकलं तर दुरुस्त कोण करणार, हे. सवलत संपली तरी जुना धडा तीच शिकवत राहतो, ते यामुळे थांबेल. आणि आठवड्याने मोबाइलवर तोच प्रसंग पुन्हा, गिऱ्हाईक वेगळं.

साच्यात कुलूप कशाला लावायचं? दिसण्याला. रंग, फाँट, लोगोची जागा हे स्लाइड मास्टरमध्ये, म्हणजे सगळ्या स्लाइडना लागू होणाऱ्या मूळ स्लाइडमध्ये, एकदाच बसवा, म्हणजे शाखेत कुणी हलवणार नाही. प्रसंगांचे रकाने मात्र उघडे ठेवा. वाशीला एपीएमसीतला व्यापारी घाऊक दर विचारेल, खारघरला नवं घर लावणारं जोडपं घरपोच देता का विचारेल. ते नौपाड्यात बसून तुम्हाला सुचणार नाही. शाखेतल्या माणसाला लिहू द्या आणि खाली त्याचं नाव टाका.

साधनांचं विचाराल तर दोन-तीन दुकानांना गुगल फॉर्म आणि व्हॉट्सअ‍ॅप पुरतं. शाखा वाढल्या, कुणी काय पूर्ण केलं याची नोंद हवी झाली, की मूडल ही ऑनलाइन धडे चालवणारी प्रणाली बघा, ती मोफत आहे. त्यात एच-फाइव्ह-पी या जोडसाधनाने उत्तराप्रमाणे वाट बदलणारे प्रसंग करता येतात. बाहेरून धडे करून घेणार असाल तर स्कॉर्मच्या, म्हणजे धडे वेगवेगळ्या प्रणालींत चालावेत म्हणून ठरवलेल्या मानकाच्या, १.२ आवृत्तीत मागा. २००१ ची आहे, पण बहुतेक प्रणालींमध्ये चालते, आणि उद्या प्रणाली बदलली तरी धडे तुमचेच राहतात. करार करताना मूळ, बदलता येणारी फाइलही मागून घ्या. नाहीतर एक शब्द बदलायलाही पैसे मोजाल.

घंटा झाली. शेवटचं एकच. उद्या दुकान उघडलं की गल्ल्यापाशी एक वही ठेवा आणि गिऱ्हाईक जे विचारेल ते पोरांना त्याच शब्दांत लिहून ठेवायला सांगा, शुद्धलेखन कुणी तपासायचं नाही. आठवड्याने त्यातला जो प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आला असेल, त्यावर पहिला धडा करा. फाइल उघडताना अडचण आली तर मी बाहेर चहापाशी आहे. कपड्यांच्या दुकानवाल्यांनी आधी यावं, रंग गेलेल्या कुर्त्याचा धडा मी करून आणला आहे, तो मला तुमच्या काउंटरवर चालवून बघायचा आहे.