3 डिसेंबरचा हल्ला आणि मातीचे बांध

विषय दिलाय ‘पाकिस्तानने 3 डिसेंबर 1971 ला हल्ला का केला’, त्यावर येतोच, पण आधी पठाणकोटबद्दल बोलू दे. 71 चं नाही, 65 चं. 6 सप्टेंबर 1965, संध्याकाळची वेळ, पाकिस्तानची सेबर विमानं येतात आणि आपली विमानं उघड्यावर उभी! दहाएक विमानं जमिनीवरच गेली, त्यात नवीकोरी मिग-21 पण होती. दुसऱ्या दिवशी बंगालमध्ये कलाईकुंडाला तेच, तिथे कॅनबेरा ही बाँबफेकी विमानं जळाली. पायलट तयार, विमान तयार, आणि उडायच्या आधीच सगळं संपलं. हे वाचताना मला अजून राग येतो.

आणि मग पुढच्या सहा वर्षांत जे झालं ते कोणी सांगतच नाही. दर 16 डिसेंबरला आपण ढाक्याचा तो फोटो बघतो, शरणागतीवर पाकिस्तानचे जनरल नियाझी सही करतायत, शेजारी आपले जनरल अरोरा, छाती भरून येते, यायलाच पाहिजे. पण ब्लास्ट पेनचा फोटो इथे कोणी बघितलाय? करा हात वर. एकही नाही ना? ब्लास्ट पेन म्हणजे तीन बाजूंनी माती-काँक्रीटचे जाड बांध घालून विमानासाठी केलेला गोठा समजा, शेजारी बॉम्ब पडला तरी आतलं विमान बऱ्यापैकी वाचतं. 65 नंतर हे पेन बांधले, विमानं विखरून ठेवायची, झाकायची सवय लावली. ज्या इंजिनिअरांनी आणि मजुरांनी हे केलं त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत, आणि माझं ठाम मत आहे की युद्धाची पहिली रात्र त्यांनी जिंकली.

कारण 3 तारखेला संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास पठाणकोट, अमृतसर, श्रीनगर, अवंतीपूरवर विमानं आली, रात्री अंबाला, आग्रा, जोधपूर, अगदी आपल्या बाजूला जामनगरपर्यंत (आग्र्यात तर ताजमहालसुद्धा झाकला होता, चांदण्यात संगमरवर चमकतो म्हणून!), आणि हाती काय लागलं? काही धावपट्ट्यांवर खड्डे. अमृतसरची धावपट्टी रात्रीतच दुरुस्त झाली, आणि त्याच रात्री आपली कॅनबेरा पाकिस्तानच्या तळांवर गेली. इस्रायलने 67 मध्ये इजिप्तचं हवाईदल जमिनीवरच संपवलं तसं करायचं होतं, पण त्यासाठी समोरचा बेसावध लागतो, आणि विमानंही भरपूर पाठवावी लागतात. पाकिस्तानने मोजकीच पाठवली.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिली म्हणे. तर का केला हल्ला, भराभर सांगतो. पूर्वेत, म्हणजे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, आजच्या बांगलादेशात, स्वातंत्र्यासाठी लढणारी मुक्तिवाहिनी, एक कोटी निर्वासित भारतात, आणि नोव्हेंबरच्या शेवटी आपलं सैन्यही सीमेपलीकडे लढत होतं, हे लपवायचं कारण नाही. पाकिस्तानी लष्कराचं जुनं गणित होतं की पूर्वेचं रक्षण पश्चिमेतून करायचं, म्हणजे इकडे भारताचा प्रदेश घ्यायचा आणि मग युनोकडून युद्धबंदी होईल तेव्हा सौदा करायचा. पण झालं उलटं. इंदिराबाई त्या दिवशी कलकत्त्यात होत्या, तातडीने दिल्लीला परतल्या, मध्यरात्रीनंतर रेडिओवर बोलल्या, आणि उघड युद्धाची सुरुवात पाकिस्तानने केली हे जगाला सांगायला आपण मोकळे झालो. सुरक्षा परिषदेत युद्धबंदीचे ठराव रशियाने व्हेटोने अडवले. आणि पश्चिमेतून ज्या मोठ्या चढाईवर सगळा डाव होता, ती करणारी पाकिस्तानी जनरल टिक्का खानची कोअर, म्हणजे मोठी सैन्यतुकडी, शेवटपर्यंत निघालीच नाही. ती का निघाली नाही, ते प्रश्नोत्तरात विचारा, त्याला अजून अर्धा तास लागेल.