भिंत उघडलीच आहे तर : मोटरहोमचं इन्सुलेशन आणि साउंड सिस्टिम

(दृश्य : आतल्या भिंतीचं पॅनल सुटून बाजूला होतं. मागे काळपट ग्लासवूल, म्हणजे काचतंतूंची लोकर.)

नवे स्पीकर बसवायचे म्हणून पॅनल उघडलं, तर मागे हे निघालं. वरचा अर्धा कप्पा रिकामा आणि खाली घसरून बसलेला ग्लासवूलचा ओलसर गोळा. जुन्या मोटरहोममध्ये, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीत, हे नेहमीच दिसतं. एका दिवसाचं काम मग आठवड्यावर जातं, आणि ते जाऊ द्यावं. स्पीकरची वायर, पत्र्याची थरथर आणि भिंतीतली ओल, तिन्ही याच पॅनलच्या मागे आहेत. तीन मिलिमीटरचं जुनं प्लायवूड दोनतीनदा काढलं की स्क्रूची भोकं सैल होतात, कडा फुटतात. त्यामुळे जे करायचं ते एकदाच उघडून, आणि योग्य क्रमाने.

(दृश्य : तीन प्रकारच्या भिंतींचे छेद.)

सगळ्यात आधी आपली भिंत ओळखा. पहिला प्रकार पत्र्याच्या व्हॅनचा : बाहेर पोलादी पत्रा, त्याला आतून फासळ्या, मध्ये पोकळी. दुसऱ्यात लाकडी सांगाड्यावर बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा असतो, आतून प्लाय, आणि मधल्या कप्प्यांत ग्लासवूल किंवा थर्माकोल. या दोन्हींत जुनं काढून नवं भरता येतं.

तिसरा प्रकार सँडविच भिंतीचा. बाहेरचा पत्रा, मधला फोम आणि आतली प्लाय एकमेकांना चिकटवून एकच फळी केलेली असते. तिथला फोम हा भिंतीच्या ताकदीचाच भाग आहे. तो खरवडला की भिंत मऊ पडते. अशा गाडीत फक्त ओलावलेला भाग दुरुस्त करा आणि स्पीकरसाठी वरची कपाटं वापरा. ओळखायला खिडकीची किंवा व्हेंटची आतली चौकट काढून कड बघितली तरी पुरतं.

(दृश्य : बॅटरीचं टर्मिनल सुटतं. हातमोजे, चष्मा, मास्क.)

बाहेरून घेतलेली वीज काढा, गॅसचा वॉल्व्ह बंद करा. सोलर असेल तर आधी पॅनलची वायर कंट्रोलरपासून सोडवा, मगच बॅटरी. मोटरहोममध्ये बॅटऱ्या दोन असतात, इंजिनची आणि घरातल्या वापराची. दोन्हींचे निगेटिव्ह काढा. भिंतीच्या प्रत्येक पॅनलचा काढण्याआधी फोटो घ्या आणि त्याच्या मागे क्रमांक लिहा.

ग्लासवूल काढताना पूर्ण बाह्यांचे कपडे, बंद चष्मा आणि बारीक धूळ अडवणारा मास्क हवाच. स्प्रेने किंचित पाणी मारलं की तंतू उडत नाहीत. ओढून काढू नका. गुंडाळत थेट पिशवीत घाला आणि पिशवी आत असतानाच बांधा. उंदराची लेंडी दिसली तर तो भाग आधी जंतुनाशकाने भिजवा, मग हात लावा. कोरडं झाडणं टाळा. फार जुन्या गाडीत इंजिनच्या आवरणाजवळ किंवा हीटरच्या मागे राखाडी, तंतुमय पत्र्यासारखं काही आढळलं, तर ते ॲस्बेस्टॉस असू शकतं. तपासणी होईपर्यंत ते हलवू नका.

(दृश्य : ओल मोजणाऱ्या मीटरचे काटे लाकडी पट्टीत टोचले जातात.)

आता ओल. लाकडी सांगाड्यात मीटर 15 टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. 15 ते 20 म्हणजे लक्ष ठेवा. 20 च्या वर पाणी कुठून तरी येतंय असं धरून चला, आणि 30 च्या पुढे गेलं तर ते लाकूड बहुधा बदलावंच लागेल. पाणी दिसतं एका जागी आणि शिरतं दुसऱ्याच. म्हणून बाहेरून पाइपने हलकं पाणी मारताना खालून सुरुवात करा, एक एक पट्टा वर सरका, आणि आत एक जण टॉर्च घेऊन बसू द्या. वरूनच सुरू केलं तर सगळीकडून ओघळ येतो आणि फट सापडत नाही. संशयाच्या जागा ठरलेल्या : छताचं व्हेंट, खिडकीचं रबर, बाहेरच्या कापडी छपरीच्या (ऑनिंगच्या) रेलचे स्क्रू, वरचे छोटे दिवे. फट बुजवून भिंत पूर्ण सुकल्याशिवाय काहीही चिकटवू नका. पंखा लावला तरी यात काही दिवस जातात. ओल्या लाकडावर नवं इन्सुलेशन म्हणजे कुजण्याला पांघरूण.

गंज तारेच्या ब्रशने चकाकी दिसेपर्यंत घासा. जिथे खोल गेलाय तिथे रस्ट कन्व्हर्टर (गंजाला घट्ट थरात बदलणारं रसायन), मग एपॉक्सी प्रायमर, मग रंग. पत्र्याच्या तळाशी पाणी निघून जायला ठेवलेली भोकं मोकळी करा. ही भोकं पुढच्या कामात चुकून बुजवली जातात आणि काही वर्षांत दाराचा खालचा काठ गळून पडतो.

(दृश्य : चार साहित्यांचे तुकडे टेबलावर.)

सर्वांत जास्त पैसे वाया जातात ते इथे. उष्णता अडवणारी वस्तू आवाजही अडवते, असा समज आहे. तसं नसतं. पत्र्याची थरथर थांबवणं, बाहेरचा आवाज अडवणं, आतला आवाज शोषणं आणि उष्णता रोखणं ही चार वेगळी कामं आहेत. थर्माकोल उष्णता छान रोखतो, पण आवाजाला त्याचा फारसा अडथळा होत नाही, आणि सैल बसला तर गाडी चालताना स्वतःच करकरतो. चंदेरी बुडबुड्यांची शीट उष्णता परतवते ती तिच्यासमोर हवेची पोकळी असेल तरच. दोन थरांत दाबून बसवली की तिचा उपयोग जवळजवळ संपतो.

थरथरीसाठी ब्यूटाइल रबरची, वर ॲल्युमिनियमचा पातळ थर असलेली डॅम्पिंग शीट घ्या. दोन मिलिमीटर पुरते. डांबरी शीट स्वस्त पडते, पण उन्हात मऊ होते, वास सोडते आणि छतावरून सुटते. ही शीट पूर्ण पत्रा झाकण्यासाठी नसतेच. पत्रा सगळ्यात जास्त हलतो तो दोन फासळ्यांच्या मध्यभागी. तिथे 25 ते 30 टक्के भाग झाकला की बहुतेक काम होतं. बोटाने ठोकून बघा : आधी 'ठण्ण' वाजणारा पत्रा आता 'भद्द' वाजला पाहिजे. उघडा पत्रा 24 चौरस मीटर धरला, तर शीट लागेल साधारण सात चौरस मीटर आणि वजन वाढेल वीसेक किलो. तोच पत्रा पूर्ण मढवला तर सत्तरेक किलो, आणि फरक कानाला जेमतेम कळेल. मोटरहोमला वजनाची मर्यादा असते. ते सत्तर किलो म्हणजे भरलेल्या पाण्याच्या टाकीएवढं ओझं.

लावण्याआधी पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. रोलर जोर देऊन फिरवा, शीटवरची नक्षी सपाट होईपर्यंत. खाली हवा राहिली तर शीट फक्त लटकते, थरथर थांबवत नाही.

(दृश्य : काळ्या फोमची शीट पत्र्यावर दाबली जाते.)

उष्णतेसाठी पत्र्याच्या गाडीत आमची पसंती बंद पेशींच्या (आतले बुडबुडे एकमेकांना न जोडलेल्या) रबरी फोमला. भिंतीत 19 ते 25 मिलिमीटर, फासळ्यांवर 6. फासळ्या उघड्या सोडल्या तर थंडी त्यांच्यातूनच आत येते. हा फोम पाणी पीत नाही, वाकतो, आणि करकरत नाही.

पाण्याचा मुद्दा का महत्त्वाचा? आतली हवा 20 अंश आणि आर्द्रता 60 टक्के असेल, तर 12 अंशांच्या कोणत्याही पृष्ठभागावर दव धरतं. हिवाळ्यातल्या रात्री पत्रा त्याहून कितीतरी थंड असतो, आणि झोपलेली माणसं श्वासातून व अंगातून रात्रभर वाफ सोडत असतात. ती वाफ ग्लासवूलमधून आरपार जाते आणि पत्र्याला टेकली की पाणी होते. सुरुवातीला दिसलेला तो ओला गोळा अनेकदा गळतीचा नसतोच, तो असा तयार होतो. म्हणून तंतुमय साहित्य वापरलं तर त्याच्या आतल्या बाजूला वाफ अडवणारा अखंड पडदा हवा. दमट उन्हाळ्यात एसी चालवला तर वाफेची दिशा उलटते आणि तोच पडदा चुकीच्या बाजूला येतो. पत्र्याला सलग चिकटलेल्या बंद पेशींच्या फोमला दोन्ही दिशा सारख्या. सांध्यांवर टेप मात्र विसरू नका.

छतासाठी जास्त तापमान सोसणारा काँटॅक्ट गोंद घ्या. उन्हात छताचा पत्रा 70 अंशांपर्यंत जाऊ शकतो आणि साधा स्प्रेचा गोंद त्याआधीच हार मानतो. डब्यातला फुगणारा फोम पोकळीत मारू नका. फुगताना पत्रा बाहेर ढकलतो, वायरी गिळतो, आणि पुढच्या दुरुस्तीला वाट ठेवत नाही.

काही जागा झाकायच्याच नाहीत. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून जमिनीतली गॅस जायची छिद्रं आणि छतावरची कायमची हवाछिद्रं मोकळी राहिली पाहिजेत. हीटरच्या धुराड्याभोवती फोम नको. खिडकीच्या वरून पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असेल, तर तिच्या मार्गात काहीही नको.

(दृश्य : वायरी कंड्युटमधून ओढल्या जातात.)

फोम लावण्याआधी वायरींचे मार्ग आखून कंड्युट (वायरींच्या संरक्षक नळ्या) बसवा. याला दोन कारणं आहेत. एक, पीव्हीसी वायर थर्माकोलला वर्षानुवर्षं चिकटून राहिली की तिच्या आवरणातलं मऊपण थर्माकोलमध्ये उतरतं. आवरण कडक होऊन तडकतं. दोन, इन्सुलेशनने चारही बाजूंनी वेढलेल्या वायरची उष्णता बाहेर पडत नाही, आणि तिची करंट वाहण्याची क्षमता जवळपास अर्ध्यावर येते.

आता हिशेब. चार चॅनलचा, प्रत्येकी 75 वॅट आरएमएसचा (म्हणजे सलग देता येणाऱ्या ताकदीचा), कमी वीज वाया घालवणारा क्लास-डी अँप्लिफायर (अँप) धरा. एकूण 300 वॅट, कार्यक्षमता 80 टक्के, म्हणजे बॅटरीकडून 375 वॅट. 12 व्होल्टला सुमारे 31 अँपिअर. बॅटरीपासून अँप सहा मीटरवर असेल तर जाऊन येऊन वायर 12 मीटर. 10 चौरस मिलिमीटरच्या तांब्यात पूर्ण जोरावर साधारण 0.65 व्होल्ट वाटेतच खर्च होतात, 16 मध्ये 0.4. म्हणून 16 घ्या, आणि ती शुद्ध तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर त्याच जाडीला तांब्याच्या साधारण दोन तृतीयांशच करंट नेते. 40 अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून हातभर अंतरात, 45 सेंटिमीटरच्या आत. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो. तो अँपजवळ लावला तर मधली सगळी वायर उघड्यावर पडते.

अँप घरातल्या बॅटरीवर चालवा, म्हणजे गाणी ऐकून इंजिनची बॅटरी बसणार नाही. पण त्याची चालू-बंद करणारी बारीक वायर हेड युनिटच्या (डॅशबोर्डवरच्या म्युझिक प्लेयरच्या) 'रिमोट' नावाच्या वायरीलाच जोडा. अँप कायम चालू राहिला आणि नुसता उभा असताना एक अँपिअर खात राहिला, तर दिवसाला 24 अँपिअर-तास जातात. 100 अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीतून निम्मेच वापरायचे असतात. त्यातले अर्धे असेच संपले.

इंजिनबरोबर सूर चढणारी शिट्टी आली तर बहुधा अर्थिंगचा घोळ आहे : हेड युनिट एका ठिकाणी, अँप दुसऱ्या ठिकाणी. दोन्हींचे निगेटिव्ह एकाच बिंदूवर आणा. सिग्नलच्या वायरी पॉवरच्या वायरीपासून लांब, गाडीच्या दुसऱ्या कडेने न्या. ओलांडायचीच असेल तर काटकोनात. इंजिन बंद असताना, फक्त उन्हात गुणगुण येत असेल तर सोलर कंट्रोलर तपासा.

(दृश्य : प्लायवूडची रिंग, त्यावर स्पीकर.)

स्पीकर तीन मिलिमीटरच्या प्लायवर कधीच थेट बसवू नका. प्लायच हलते आणि बास गायब होतो. 15 ते 18 मिलिमीटरची प्लायवूडची रिंग कापून ती सांगाड्याला पक्की करा, मध्ये फोमची पट्टी. स्पीकरच्या पुढची आणि मागची हवा एकमेकांना मिळता कामा नये. मिळाली की खालचे सूर एकमेकांना पुसून टाकतात.

भिंतीतला प्रत्येक स्पीकर म्हणजे इन्सुलेशनला पाडलेलं भोक. तिथून दमट हवा थेट थंड पत्र्यापर्यंत जाते, दव धरतं, स्पीकरच्या कोनच्या (थरथरणाऱ्या पडद्याच्या) मागे गंज चढतो. म्हणून स्पीकरच्या मागे बंद प्लास्टिकचा डबा (पॉड) बसवा आणि त्याच्या कडा फोमला टेप करा. मागे जुनं ग्लासवूल उघडं असेल तर त्याचे तंतू कॉइलमध्येही जातात. वरच्या कपाटात स्पीकर ठेवत असाल तर चुंबकाभोवती खोका करा, नाहीतर पहिल्याच वळणाला डबे त्यावर आपटतील. अँपभोवती चार-पाच सेंटिमीटर हवा ठेवा. आणि जमिनीत स्क्रू मारण्याआधी खाली वाकून बघा. तिथे इंधनाची टाकी किंवा गॅसची नळी असू शकते.

(दृश्य : भिंती अजून उघड्या. मल्टिमीटर.)

पॅनल लावण्याआधी चाचणी. बॅटरी जोडण्याआधी, अँपपासून सुटलेल्या वायरींवर चार ओहमचा स्पीकर मीटरवर 3.2 ते 3.6 दाखवतो. त्याच वायरी आणि पत्रा यांच्यात काहीच जोड दिसता कामा नये. दिसला तर कुठेतरी स्क्रू वायरीत घुसलाय. मग गेन. गेन म्हणजे आवाजाची कळ नव्हे, तर हेड युनिटच्या सिग्नलशी अँप जुळवून घेण्याची. स्पीकर सोडवा, हेड युनिट तीन चतुर्थांशावर ठेवून एकसुरी टोन वाजवा, आणि मीटर एसी व्होल्टवर ठेवून अँपच्या आउटपुटला 17.3 व्होल्ट येईपर्यंत गेन फिरवा. चार ओहमवर 75 वॅटचा हाच आकडा. 80 हर्ट्झखालचे सूर छोट्या स्पीकरकडे पाठवू नका, ते सीटखालच्या सबवूफरला द्या.

आता 20 ते 200 हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा सूर लावा आणि तळहात टेकवत गाडीभर फिरा. एखाद्या सुराला कुठेतरी खडखड सुरू होईल. हात दाबला की थांबली, तीच जागा. भिंत उघडी असताना तिथे फेल्टचा एक तुकडा पुरतो. यातली निम्मी खडखड भिंतीतली नसतेच : चमच्यांचा खण, खिडकीचा पडदा, ओव्हनची जाळी.

सगळं शांत झालं की क्रमांकाप्रमाणे पॅनल लावा. महिनाभराने, एखादा चांगला पाऊस होऊन गेल्यावर, फ्यूजचं घर हात लावून बघा. ते गरम लागलं तर जोड सैल आहे. आणि ज्या कोपऱ्यांत आधी ओल होती तिथेच पुन्हा मीटर टोचा.