प्यू-प्यू वाला लेझर आणि आज्जीचं धुपाटणं

(अंधारी खोली. देवघरात समई. भिंतीवर लाल ठिपका.)

हा ठिपका इंदूरच्या राजवाड्याजवळच्या फुटपाथवर घेतलेल्या की-चेन लेझरचा. आता नीट बघा हं, लेझर माझ्या हातात आहे, ठिपका समोरच्या भिंतीवर आहे, आणि मधे काय आहे? काहीच नाही. लहानपणी या मधल्या 'काहीच नाही'ने माझा पार मूड घालवला होता. कॅप्टन व्योमचे दिवस होते, टीव्हीवर स्पेसवालं जे काही लागेल ते बघायचो आणि डोक्यात पक्कं बसलेलं की लेझर म्हणजे बंदुकीतून निघणारी उजेडाची जाडजूड काठी.

मग संध्याकाळी आज्जीने धूप घातला.

(धुपाटण्यातून धूर. हळूहळू लाल रेघ उमटते.)

ही बघा! धुरात आली रेघ. उजेड दिसायचा तर तो आपल्या डोळ्यात यायला लागतो ना, आणि लेझरचा उजेड सगळा एकाच दिशेला सरळ निघून जातो, आपल्याकडे वळून बघतही नाही. वाटेत धुराचे कण आले की थोडासा इकडे-तिकडे विखुरतो, तेवढाच आपल्याला दिसतो. अंतराळात कोण धूप घालणार? तिथे रेघ नाही, आणि हवाच नाही म्हणून प्यू-प्यूही नाही. (आणि हो, गंमत म्हणूनसुद्धा कोणाच्या डोळ्यात मारू नका, डोळ्याच्या आतल्या पडद्याला कायमची इजा होऊ शकते.)

वेगाचा घोळ तर अजूनच भारी. पडद्यावर किरण सुटतो आणि हिरो चक्क बाजूला उडी मारतो. समजा किरणाने वीस मीटर, म्हणजे क्रिकेटच्या पिचएवढं अंतर, अर्ध्या सेकंदात कापलं, तर त्याचा स्पीड झाला ताशी १४४ किलोमीटर. म्हणजे तो लेझर नाही भिया, होळकर स्टेडियमवरचा फास्ट बॉलर आहे! खरा प्रकाश अर्ध्या सेकंदात दीड लाख किलोमीटर जातो, उडी मारायचं सुचेपर्यंत सगळं संपलेलं असतं.

स्टार ट्रेक या अमेरिकन स्पेस-सीरियलवाले मात्र हुशार निघाले. पहिला लेझर १९६० मध्ये थिओडोर मेमनने माणकाच्या कांडीतून काढला, आणि चार-पाच वर्षांत यांच्या पहिल्या पायलट, म्हणजे नमुन्याच्या एपिसोडमध्ये लेझर पिस्तूल हजर. पण १९६६ला सीरियल सुरू होईपर्यंत नाव बदलून 'फेझर' केलं, कारण उद्या लोक म्हणतील लेझरने असं काही होत नाही. नाव आपणच शोधलेलं असलं की चुका कोण काढणार?

(राऊचा रस्ता, सकाळ.)

आणि खरं काम बघायचं तर आमच्या इंदूरातच आहे की. राजा रामण्णा केंद्र, पायाभरणी १९८४ची, लेझर आणि ॲक्सिलरेटर (बारीक कणांना प्रचंड वेगाने पळवणारं यंत्र) हाच त्यांचा धंदा. तिथल्या इंडस-२ या ॲक्सिलरेटरच्या रिंगचा घेर साधारण १७२ मीटर, त्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पळतात, सेकंदाला सतरा लाखांवर चकरा, आणि वळताना जो प्रकाश फेकतात त्यातल्या एक्स-रेने पदार्थांच्या आतली रचना तपासतात. हे एक्स-रेही डोळ्यांना दिसत नाहीत, टीव्हीवाल्यांच्या काय कामाचे!

पण माझा सगळ्यात लाडका लेझर चंद्रावर जातो. अपोलो ११ वाल्यांनी १९६९ मध्ये तिथे शंभर छोट्या प्रिझमची एक पाटी ठेवलीय, आलेला उजेड ती आल्या वाटेने परत पाठवते. इथून लेझर मारायचा, तिथे पोचेपर्यंत तो काही किलोमीटर पसरलेला असतो, आणि अडीच सेकंदांनी परत येतात ते अगदी मोजके, चिमूटभर फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण. ना रेघ, ना आवाज, नुसतं घड्याळ लावून बसायचं. त्या चिमूटभर फोटॉनांवरून कळलंय की चंद्र आपल्यापासून दरवर्षी ३.८ सेंटीमीटर लांब सरकतोय.

(लेझर बंद. धूर तसाच वर जातोय.)