जंगल तिकडे, फोन इकडे

(दृश्य: एका राजधानीतली शांत गल्ली. परक्या देशाचा झेंडा, बंद फाटक, पितळी पाटी.)

वकिलातीतला फोन राजदूत उचलत नाहीत. तो उचलतो स्वागतकक्षातला कर्मचारी. पुष्कळदा तो त्याच शहरात वाढलेला असतो. बाहेर ज्या देशाची पाटी आहे, त्या देशाचा तो नागरिक असतोच असं नाही. व्हिसा, पासपोर्ट, कागदपत्रांवरचे शिक्के, दिवसभर हेच विचारणारे फोन. आणि मग मधेच एखादा असा येतो:

"नमस्कार. मी याच शहरात राहते. तुमच्या देशात जंगल तोडलं जातंय, त्याबद्दल मला निषेध नोंदवायचा आहे. माझं म्हणणं राजदूतांपर्यंत पोचवाल का?"

पलीकडचा माणूस थोडा थबकतो. मग म्हणतो, "नाव सांगा," किंवा "लेखी पाठवा," किंवा नुसतंच "कळवतो." दोन-तीन मिनिटांत बोलणं संपतं.

एका फोनने करवत थांबत नाही, हे फोन करणाऱ्यालाही ठाऊक असतं. तरी जगभर लोक असे फोन करतात, पत्रं लिहितात, फाटकासमोर फलक घेऊन उभे राहतात. त्या दोन-तीन मिनिटांचं पुढे काय होतं, ते आपण पाहणार आहोत.

(दृश्य: कराराची जुनी छापील पानं.)

१९६१ साली व्हिएन्नामध्ये राजनैतिक संबंधांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. जगातल्या जवळजवळ सगळ्या वकिलाती आज त्याच्या नियमांवर चालतात. वकिलातीने काय काय करायचं, हे त्याच्या तिसऱ्या कलमात दिलं आहे. आपल्या देशाचं प्रतिनिधित्व, आपल्या नागरिकांचं संरक्षण, वाटाघाटी, मैत्री वाढवणं ही कामं आपल्याला माहीत असतात. त्यांच्याच ओळीत आणखी एक काम आहे. ज्या देशात वकिलात आहे तिथली परिस्थिती आणि घडामोडी कायदेशीर मार्गांनी जाणून घ्यायच्या आणि आपल्या सरकारला कळवायच्या.

म्हणजे तिथल्या लोकांना आपल्या देशाबद्दल काय वाटतं, हे मायदेशी कळवणं हा वकिलातीच्या नोकरीचाच भाग आहे. एक फोन आला तर तो कदाचित टिपणवहीतच राहील. आठवडाभर फोन वाजत राहिला, पत्रांचा ढीग साचला, फाटकासमोर माणसं जमली आणि वर्तमानपत्रांनी त्यांचे फोटो छापले, तर ते मायदेशी न कळवणारा अधिकारी आपलं काम नीट करत नाही असंच म्हणावं लागेल.

याच कराराचं बाविसावं कलमही निषेध करणाऱ्यांनी वाचावं असं आहे. वकिलातीची जागा अनुल्लंघनीय आहे. तिची नासधूस होऊ नये, तिच्या शांततेला आणि प्रतिष्ठेला धक्का लागू नये, ही यजमान देशाची जबाबदारी. १३ ऑगस्ट २०१९ ला लंडनमध्ये काही कार्यकर्त्यांनी ब्राझीलच्या वकिलातीच्या दर्शनी भागावर रक्तासारखा लाल रंग फेकला. पोलिसांनी त्यांना अटक केली. त्यांचा संताप मला समजतो, खोटा तर तो मुळीच नव्हता. पण रंग फेकला की बातमी रंगाची होते आणि अधिकाऱ्याला आपल्या अहवालात तोडफोडीबद्दल लिहिता येतं. शांतपणे नाव सांगून बोलणाऱ्या नागरिकाबद्दल त्याला तसं लिहिता येत नाही.

(दृश्य: उपग्रहातून दिसणारा अमेझॉन. हिरव्या पटावर धुराचे पांढरे पट्टे.)

तो ऑगस्ट महिना सविस्तर सांगायलाच हवा.

अमेझॉनचं ओलं, दाट जंगल सहसा आपोआप पेटत नाही. आधी झाडं पाडली जातात. ती पडल्या जागी वाळू दिली जातात. पाऊस ओसरला, कोरडे महिने आले की ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्यांना काडी लावली जाते. राख झालेल्या जमिनीवर गवत पेरायचं, गुरं सोडायची. पुढे ती जमीन विकायची किंवा तिच्यावर हक्क सांगायचा. म्हणजे ऑगस्टमध्ये दिसणारा धूर आधी पडलेल्या झाडांचा असतो.

ब्राझीलची अंतराळ संशोधन संस्था, इन्पे, उपग्रहांच्या मदतीने या तोडीवर नजर ठेवते. २०१९ च्या मध्यावर तिचे आकडे झपाट्याने चढू लागले. राष्ट्राध्यक्ष जाईर बोल्सोनारो यांनी ते आकडेच खोटे ठरवले. संस्थेचे संचालक, भौतिकशास्त्रज्ञ रिकार्डो गॅल्व्हाओ, आपल्या शास्त्रज्ञांच्या बाजूने उघडपणे उभे राहिले. ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात त्यांना पदावरून दूर करण्यात आलं.

१० ऑगस्टच्या सुमारास पारा राज्यातल्या नोव्हो प्रोग्रेसो भागात आगी एकदम वाढल्या. जमीनमालकांनी ठरवून लावलेल्या आगींचा तो दिवस पुढे 'आगीचा दिवस' म्हणूनच ओळखला गेला. १९ ऑगस्टला तिथून हजारो किलोमीटर दूर असलेल्या साओ पाउलो शहरात दुपारी तीनच्या सुमारास अंधार पडला. ढग होते, थंड वारं होतं, आणि त्यांच्यात मिसळलेला जंगलाचा धूर होता. महिना संपला तेव्हा इन्पेच्या नोंदीत ब्राझीलच्या अमेझॉनमध्ये सुमारे ३०,९०० आगी होत्या. आदल्या वर्षी त्याच महिन्यात सुमारे १०,४०० होत्या.

२३ ऑगस्टला, शुक्रवारी, लंडन, पॅरिस, बर्लिन, माद्रिद अशा अनेक शहरांत ब्राझीलच्या वकिलातींसमोर माणसं जमली. त्याच सुमारास रॉयटर्सने एक बातमी दिली. ब्राझीलच्या परराष्ट्र मंत्रालयाने आपल्या परदेशातल्या वकिलातींना सरकारची बाजू मांडण्यासाठी मुद्दे आणि आकडेवारी असलेलं टिपण पाठवलं होतं. ही मला त्या दिवसांतली सगळ्यात बोलकी बातमी वाटते. वकिलातीत विचारणा होतेय आणि उत्तर द्यावं लागतंय, हे राजधानीपर्यंत पोचल्याशिवाय असं टिपण निघत नाही.

आता हेही बघा, की ब्राझीलला नेमकं कोणाचं ऐकणं भाग होतं. त्याच वर्षी जूनच्या अखेरीस युरोपीय संघ आणि मर्कोसुर या दक्षिण अमेरिकी गटात व्यापार कराराची तत्त्वतः सहमती झाली होती. वीस वर्षांच्या वाटाघाटींनंतर. ऑगस्टमध्ये फ्रान्स आणि आयर्लंडने सांगितलं, की अमेझॉनबाबत ब्राझीलने शब्द पाळला नाही तर आम्ही या कराराला विरोध करू. संघाचं अध्यक्षपद तेव्हा फिनलंडकडे होतं. त्यांनी ब्राझीलच्या गोमांसावर बंदीचा विचार व्हावा असं सुचवलं. जंगल राखण्यासाठी ब्राझीलला मिळणाऱ्या अमेझॉन निधीत सर्वांत मोठा वाटा असलेल्या नॉर्वेने पैसे रोखले, जर्मनीनेही हात आखडता घेतला. त्यामुळे पॅरिसमधून ब्राझीलच्या वकिलातीत फोन करणारी व्यक्ती नुसती चिडलेली परदेशी नागरिक नव्हती. ज्या देशाचा नकार ब्राझीलला परवडणारा नव्हता, त्या देशाची ती मतदार होती.

२३ तारखेलाच बोल्सोनारो यांनी आग विझवण्यासाठी सैन्य पाठवण्याचा आदेश काढला आणि दूरचित्रवाणीवरून देशाशी बोलले. आठवड्याभरात जाळण्यावर ६० दिवसांची बंदी आली. सप्टेंबरमध्ये आगींची संख्या बरीच उतरली.

गोष्ट इथे संपवली असती तर बरं वाटलं असतं. पण झाडं पडतच राहिली. इन्पेच्या वार्षिक मोजणीत २०१९ साली अमेझॉनमधलं सुमारे १०,१०० चौरस किलोमीटर जंगल गेलं होतं. २०२१ मध्ये तो आकडा १३,००० वर पोचला. काडी लावणं काही आठवडे थांबवता आलं. करवत थांबवायला देशातलंच धोरण बदलावं लागतं. ब्राझीलने ते आधी करूनही दाखवलं होतं: २००४ मध्ये जवळपास २७,८०० चौरस किलोमीटर असलेली वार्षिक तोड २०१२ पर्यंत ४,६०० च्या आसपास आणली होती. उपग्रहांची नजर, जागेवर जाऊन होणारी कारवाई आणि राखीव क्षेत्रं यांच्या जोरावर.

(दृश्य: बोर्निओतली गढूळ नदी, ओंडक्यांनी लादलेले तराफे.)

आणखी मागे जाऊया. मलेशियाचं सारावाक राज्य, बोर्निओ बेट. १९८७ च्या मार्चपासून तिथल्या आदिवासी पेनान लोकांनी जंगलात येणाऱ्या लाकूडतोडीच्या रस्त्यांवर अडथळे उभारले. बांबू, फांद्या, आणि मागे उभी बायका-मुलं. शिकार आणि रानातल्या साबुदाण्याच्या ताडावर जगणाऱ्या या लोकांकडे ना मतांचं बळ होतं, ना टेलिफोन. सरकारने त्याच वर्षी कायदा बदलून असे अडथळे हा गुन्हा ठरवला. पेनान लोकांमध्ये अनेक वर्षं राहिलेला स्विस कार्यकर्ता ब्रुनो मान्सर त्यांची गोष्ट घेऊन युरोपात परतला, आणि सारावाकचं नाव दूरदूरच्या लोकांच्या तोंडी आलं.

पंतप्रधान महाथिर मोहम्मद यांचं उत्तर ठाम होतं. श्रीमंत देशांनी आपली जंगलं केव्हाच तोडून खाल्ली, आणि आता ते आम्हाला शिकवायला आले आहेत. वकिलातीत फोन करणाऱ्याला हे उत्तर आजही ऐकावं लागतं. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये बोल्सोनारो संयुक्त राष्ट्रांत बोलले ते याच सुरात. या म्हणण्यात तथ्य आहे, ते नाकारू नये. पण सारावाकच्या ओंडक्यांचा सगळ्यात मोठा ग्राहक होता जपान. त्यातल्या पुष्कळ लाकडाचं प्लायवूड होऊन इमारतींचं काँक्रीट ओतायच्या साच्यांना लागत होतं. मोजक्या वेळा वापरून ते फेकून दिलं जाई. आपल्या बाजारासाठी कोणाचं तरी घर तुटत असेल, तर त्याबद्दल बोलणं हा उपदेश होत नाही. तो आपलाच व्यवहार आहे.

दबाव उलट्या दिशेनेही येतो. १९९२ साली ऑस्ट्रियाने उष्णकटिबंधातल्या लाकडावर तसं लेबल लावणं सक्तीचं केलं. मलेशिया आणि इंडोनेशियाने जागतिक व्यापाराच्या व्यासपीठावर आक्षेप घेतला, ऑस्ट्रियन मालावर बहिष्काराची भाषा झाली, आणि पुढच्याच वर्षी सक्ती मागे घेतली गेली. म्हणून फोन दोन ठिकाणी करावा असं मला वाटतं. एक वकिलातीत, दुसरा आपल्याच लोकप्रतिनिधीला.

(दृश्य: पुन्हा ब्राझील. झापुरी गावातलं एक लाकडी घर.)

तक्रार दुरूनच का करायची? ज्यांचं जंगल आहे ते बोलत नाहीत का?

ते बोलतात, आणि त्याची किंमत मोजतात. रबराच्या झाडांचा चीक काढणारा शिको मेंदेस १९८७ मध्ये अमेरिकेत जाऊन आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या अधिकाऱ्यांना भेटला. जंगलातून जाणाऱ्या रस्त्याला तुम्ही दिलेलं कर्ज आमच्या मुळावर उठलंय, असं त्याने सांगितलं. कर्ज थांबलं. २२ डिसेंबर १९८८ ला आक्रे राज्यातल्या झापुरीत त्याच्या घरातच त्याला गोळी घातली गेली. १२ फेब्रुवारी २००५ ला पारा राज्यात डोरोथी स्टँग या ७३ वर्षांच्या ख्रिस्ती ननला जंगलातल्या वाटेवर मारलं. १ नोव्हेंबर २०१९ ला आपल्या जमातीचं जंगल राखणारा पाउलो पाउलिनो ग्वाजाजारा लाकूडचोरांच्या गोळीला बळी पडला. त्या वेळी त्याच्याच जमातीच्या सोनिया ग्वाजाजारा आणि इतर आदिवासी नेते युरोपात देशोदेशी फिरत होते. सरकारांना, कंपन्यांना आणि लोकांना सांगत होते, की आमचं रक्त सांडून काढलेला माल घेऊ नका. त्यांना आपली ही बातमी परक्या शहरात ऐकावी लागली.

ज्याला फोन केल्याबद्दल कोणी गोळी घालणार नाही, त्याने तो करावा. मला तरी यापेक्षा मोठं कारण लागत नाही.

(दृश्य: टेबलावर कागद, पेन. कोणीतरी मुद्दे लिहून काढतंय.)

फोन करायचा असेल तर आधी चार ओळी लिहून घ्याव्यात. स्वागतकक्षातल्या माणसावर आवाज चढवू नये. झाडं त्याने तोडलेली नाहीत. आपलं नाव आणि शहर सांगावं. देश, राज्य, जंगलाचा भाग नेमका घ्यावा. "जंगलं वाचवा" एवढंच म्हटलं तर पलीकडच्याला लिहून घ्यायला काही उरत नाही. पर्यावरण किंवा व्यापार पाहणारा अधिकारी कोण, हे विचारावं आणि त्याच्या नावाने तेच म्हणणं लेखी पाठवावं. लाइन अडवून धरण्याचे प्रकार काही जण करतात. ते करू नयेत, कारण त्याच लाइनवर कोणाचा तरी हरवलेला पासपोर्ट असतो, कोणाचा तरी आजारी नातेवाईक असतो.

आणि ठोस प्रश्न विचारावा. तो आज हाताशी आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत शंभराहून जास्त देशांनी २०३० पर्यंत जंगलांचा ऱ्हास थांबवून तो उलटवण्याच्या घोषणेवर सह्या केल्या. ब्राझीलने केली, इंडोनेशियाने केली, काँगोने केली. लाकूड, सोयाबीन, पामतेल आणि मांस विकत घेणाऱ्या कित्येक श्रीमंत देशांनीही केली. ब्राझीलमध्ये सरकार बदलल्यावर २०२३ पासून तोड पुन्हा उतरली. सोनिया ग्वाजाजारा आदिवासींच्या नव्या खात्याच्या मंत्री झाल्या. २०२४ च्या मोजणीत अमेझॉनची वर्षभरातली तोड सुमारे ६,३०० चौरस किलोमीटरवर आली. २०२१ च्या अर्ध्याहून कमी, पण शून्यापासून फार दूर.

तेव्हा नंबर फिरवावा आणि विचारावं: "तुमच्या सरकारने २०३० च्या घोषणेवर सही केली आहे. या वर्षी तुमच्याकडे किती जंगल तुटलं, आणि पुढच्या वर्षी ते किती कमी करणार आहात? मला लेखी उत्तर हवं आहे. माझा पत्ता लिहून घ्या."