दोन बाजार होईपर्यंत

श्रोतेहो, नमस्कार. जोहार.

गडचिरोली जिल्ह्यात मी बरीच वर्षं आरोग्यसेविका म्हणून काम केलं. आज त्या कामातलीच एक गोष्ट सांगायची आहे.

पावसाळ्याचे दिवस होते. एक माडिया आदिवासी तरुण थंडीतापाने कुडकुडत उपकेंद्रात आला. रक्त तपासलं तर हिवताप निघाला, व्हायवॅक्स प्रकारचा. मी त्याला तीन दिवसांच्या क्लोरोक्वीनच्या आणि चौदा दिवसांच्या प्रायमाक्वीनच्या गोळ्या दिल्या आणि कशा घ्यायच्या ते मराठीत समजावलं. प्रत्येक वाक्याला तो 'हो' म्हणाला. महिन्याभराने पुन्हा तोच ताप घेऊन तो दारात उभा. आमची आशाताई, म्हणजे गावातली आशा कार्यकर्ती, त्याच्या घरी गेली, तर उरलेल्या गोळ्या पानात गुंडाळून छपराला खोचून ठेवलेल्या. ताप उतरला तसं त्याने औषध थांबवलं होतं. बाकीच्या गोळ्या पुढच्या तापासाठी, बियाणं राखून ठेवावं तशा राखून ठेवल्या होत्या.

चूक त्याची नव्हती. व्हायवॅक्सचे जंतू यकृतात दडून बसतात आणि पुढे केव्हाही उठतात. म्हणून बरं वाटलं तरी चौदा दिवस पुरे करायचे असतात. हे मी त्याच्या भाषेत त्याला सांगितलंच नव्हतं. आशाताईने माडियात सांगितलं. चौदा हा आकडाही तिने वापरला नाही. ती म्हणाली, आज बाजार आहे ना, अजून दोन बाजार होईपर्यंत रोज गोळी. यावेळी त्याने औषध पुरं केलं.

आपल्या जिल्ह्यात किती भाषा आहेत, ते बघा. भामरागड, एटापल्लीकडे माडिया. धानोरा, कोरचीत गोंडी, आणि कोरचीत छत्तीसगढीही. सिरोंच्यात तेलुगू. मुलचेरा आणि चामोर्शीत पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची गावं आहेत, त्यांच्या घरात बंगाली. वडसा, आरमोरीत आपली झाडीबोली. दवाखान्यातला केसपेपर मात्र मराठीत किंवा इंग्रजीत, आणि औषधाच्या पाकिटावरचं तर कुणालाच वाचता येत नाही.

अंतराचीही अडचण मोठी आहे. 2011च्या जनगणनेत इथे चौरस किलोमीटरला साधारण 74 माणसं होती. आदिवासी भागासाठी नियम असा, की तीन हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि वीस हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र. हिशेब केला तर एका उपकेंद्राच्या वाट्याला 40 चौरस किलोमीटर येतात आणि एका आरोग्य केंद्राच्या वाट्याला 270. तेही सपाट रस्त्याचे नाहीत, जंगलाचे आणि नाल्यांचे. एवढी पायपीट करून आलेल्या माणसाला आपलं बोलणं कळलं नाही, तर ती सगळी वाट फुकट गेली.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने हे फार आधी ओळखलं. दवाखाना कसा हवा, असं त्यांनी लोकांनाच विचारलं. लोकांनी सांगितलं, मोठ्या इमारतींची भीती वाटते, आणि पांढरे कपडे बघून प्रेताला गुंडाळायचं कापड आठवतं. मग झोपड्यांसारखा दवाखाना उभा राहिला आणि त्याला दंतेश्वरी मातेचं नाव मिळालं. पुढे याच संस्थेने 39 गावांतल्या, थोडंफार शिकलेल्या बायांना घरोघरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी कमी झाले होते. 1999 साली हा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला, आणि आज देशभरातल्या आशा हेच काम करतात. माझ्या मते त्या यशात प्रशिक्षणाइतकाच वाटा आणखी एका गोष्टीचा होता. त्या बाया त्याच गावच्या होत्या. बाळ दूध ओढत नाही, हे आईने कुठल्या शब्दांत सांगितलं तरी त्यांना कळायचं.

म्हणून माझं एक मागणं आहे. आशाताई रुग्णाला घेऊन जिल्ह्याच्या दवाखान्यात जाते, तेव्हा दिवसभर दुभाष्याचंही काम तीच करते. त्या कामाचा वेगळा मोबदला तिला मिळावा. मोठ्या दवाखान्यात माडिया, गोंडी, तेलुगू, बंगाली बोलणारी पगारी माणसं बसवा. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. एवढं लांब आलेल्या बाईला आपलं पोट कुठे दुखतं, ते सांगायला नवऱ्याच्या किंवा लहान मुलाच्या तोंडाची गरज पडू नये. बायका काही गोष्टी त्यांच्यासमोर बोलतच नाहीत. त्या गप्प राहतात, आणि दुखणं वाढत जातं. हे मी डोळ्यांनी बघितलं आहे आणि अजून विसरता आलेलं नाही.

पावसाळा तोंडावर आहे. पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट बंद होते, ते तुम्हाला माहीत आहे. घरात शेवटच्या महिन्यातली गरोदर बाई असेल तर पाणी चढायची वाट बघू नका. आरोग्य केंद्राजवळ बाळंतपणाआधी राहायला माहेरघर असतं, तिथे तिला आधीच पोचवा. सोबत तिच्या भाषेत बोलणारं कुणीतरी जाऊ द्या. आणि छपराला गोळ्या खोचलेल्या असतील, तर आज उतरवून आशाताईला दाखवा.